बचावपटूचे मोल गुणतक्त्यापलीकडचे

प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये झालेल्या लिलावात पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरझा शादलुईसाठी २ कोटी ३५ लाख रुपये मोजले. परदेशी खेळाडूवरील ती तोवरची सर्वाधिक बोली होती, आणि तीही डावा कोपरा सांभाळणाऱ्या बचावपटूसाठी. हा सौदा महाग ठरला का?

गुणतक्ता त्याच्या बाजूने आहे. त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवून शादलुई बचावपटूंत अव्वल ठरला. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे नमवून पलटणने पहिले विजेतेपद पटकावले. पुढच्या लिलावात तो २ कोटी ७ लाखांत हरियाणाकडे गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, पुण्यातच, हरियाणा विजेता झाला. एकट्या खेळाडूला याचे श्रेय देणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही कोपऱ्याचे महत्त्व नाकारता येणार नाही.

पकडीच्या धास्तीने चढाईपटू गुणाविना परततो, तेव्हा तो पराक्रम कोणत्याही बचावपटूच्या नावावर लागत नाही. मात्र लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो; अन्यथा चढाईपटू बाद! बचावाची खरी कमाई ती हीच.

शिरूर तालुक्यातील तळेगाव ढमढेरेसारख्या गावांतील मुलांची निवड करतानाही हाच निकष हवा. पकडी किती झाल्या, एवढेच मोजू नये. प्रतिस्पर्धी त्या कोपऱ्याकडे जायला किती वेळा कचरला, हेही पाहावे. नाहीतर संघात चढाईपटूंची गर्दी होईल आणि कोपरा कच्चाच राहील.