सायलेन्सर कापण्यापूर्वी थोडा इतिहास

सिंदखेडराजाचा राजवाडा आणि लोणारची मंदिरे यांवरचे धागे आपण पुष्कळ वाचले. आजचा धागा आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या रस्त्यांवर अद्याप धावणाऱ्या एका ऐतिहासिक वस्तूविषयी आहे. ती वस्तू म्हणजे जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल: जावा, येझदी, राजदूत, आरएक्स १००. काकांच्या किंवा आजोबांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभी असलेली गाडी बाहेर काढून तिला पुन्हा ‘पळवण्याची’ हौस आपल्या पिढीत वाढली आहे. हौस उत्तम आहे, तिची दिशा मात्र चुकते आहे असे मला वाटते.

माझे मत प्रथमच नोंदवते. अशा गाडीकडून उत्तम काम करून घ्यायचे असेल तर तिला तिच्या मूळ मापांवर परत आणावे लागते. सायलेन्सर कापणे, आतली जाळी काढून फेकणे, सिलिंडरमधील पोर्ट अंदाजाने घासून मोठे करणे, याला ट्यूनिंग म्हणता येत नाही. मोडी कागदावरची अक्षरे पुसट झाली म्हणून त्यांवर बॉलपेन फिरवण्याचा तो प्रकार आहे.

हे मत केवळ भावनेचे नाही, त्याला यंत्राचा इतिहास साक्षी आहे. फोर-स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर सोडण्याचे आणि ताजे मिश्रण आत घेण्याचे काम झडपा करतात. जुन्या साध्या टू-स्ट्रोकच्या सिलिंडरला तशा झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांनाच मिस्त्री पोर्ट म्हणतात, आणि वरखाली जाणारा पिस्टनच त्या उघडतो व मिटतो. रचना विलक्षण साधी आहे, पण तिच्यातच एक खोट आहे. जळालेला वायू बाहेर पडत असताना ताजे मिश्रण आत येते, दोन्ही खिडक्या काही क्षण एकदमच उघड्या राहतात आणि ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच निसटतो. टू-स्ट्रोकचा धूर, तिची पेट्रोलची भूक आणि पुढे प्रदूषणाच्या नियमांपुढे तिने टेकलेले गुडघे, या साऱ्यांच्या मुळाशी ही गळती आहे.

या गळतीवर सर्वांत चतुर उपाय सापडला तो पूर्व जर्मनीतील च्शोपाऊ या गावी, एमझेडच्या कारखान्यात. वाल्टर काडेन हा तिथला अभियंता. महायुद्धाच्या काळात त्याने पेनेमुंडे येथील अस्त्रसंशोधन केंद्रात काम केले होते. १९५०च्या दशकात त्याने एक्झॉस्टच्या नळीतून धावणाऱ्या दाबाच्या लहरींचा पद्धतशीर अभ्यास केला. नळी आधी शंकूसारखी रुंद होत जाते आणि पुढे पुन्हा निमुळती होते. रुंद होणाऱ्या भागातून परतलेली लहर सिलिंडरमधला धूर ओढून घेते. निमुळत्या टोकावर आपटून परतणारी लहर नळीत निसटलेले ताजे मिश्रण पोर्ट मिटण्याच्या आत पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. अर्थात हे सारे नळीची लांबी, रुंदी आणि इंजिनाची गती यांचे गणित जुळले तरच घडते. १९६१पर्यंत काडेनच्या १२५ सीसी इंजिनाने २५ अश्वशक्तीचा टप्पा गाठला होता.

पुढची कथा हेरकादंबरीला शोभेल अशी आहे. ऑगस्ट १९६१मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. पुढच्याच महिन्यात स्वीडनमधील क्रिस्टियनस्टाड येथील शर्यतीनंतर एमझेडचा आघाडीचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे निसटला. त्याच्याबरोबर काडेनची विद्या जपानला, सुझुकीच्या हाती गेली. १९६२मध्ये ५० सीसी गटाचे जगज्जेतेपद सुझुकीवर बसलेल्या डेग्नरलाच मिळाले! काडेनला त्या विद्येचे मोल किती मिळाले, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

आता आपल्या रस्त्यावर येऊ. फारुख आणि रुस्तम इराणी यांच्या आयडियल जावा कंपनीचा म्हैसूरचा कारखाना १९६१मध्ये सुरू झाला. १९७३पासून त्या गाड्या येझदी या नावाने निघू लागल्या. १९९६मध्ये कारखाना बंद पडला. एस्कॉर्ट्सची राजदूत १७५ मूळची पोलंडची, एसएचएल एम ११. दूधवाल्यांनी तिला खेडोपाडी नेले. तिच्याच घराण्यातली छोटी राजदूत १९७३च्या ‘बॉबी’ चित्रपटाने घरोघरी पोचवली. यामाहाची आरएक्स १०० आली १९८५मध्ये. एक तुलना पाहा. जुन्या २५० सीसी जावाची ताकद सुमारे १२ अश्वशक्ती, तर अवघ्या ९८ सीसीच्या आरएक्सची ११. इंजिन निम्म्याहून लहान, ताकद जवळजवळ तेवढीच. या दोन आकड्यांमध्ये पोर्टची सुधारलेली रचना आहे, रीड व्हॉल्व्ह आहे, चढी गती आहे आणि लहरींचे ते गणितही आहे.

म्हणूनच सायलेन्सर कापणाऱ्यांवर माझा रोष आहे. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर हा इंजिनाचाच एक भाग आहे, आवाज दाबणारा डबा नव्हे. तो कापला की आवाज वाढतो आणि कानाला वाटते की गाडी सुसाट झाली. राजूर घाटात मात्र खरे काय ते कळते. मोताळ्याकडून बुलढाण्याला चढताना दोघे बसलेले असले, की कापलेल्या सायलेन्सरची गाडी खालच्या गतीला दम टाकते आणि वरचेवर गिअर उतरवावा लागतो. जावाच्या सायलेन्सरमधली जाळी कार्बनने बुजली असेल तर ती काढून, स्वच्छ करून परत बसवावी. जुन्या काळी हे काम नियमित देखभालीतच धरलेले असे.

मग कामगिरी सुधारायची कशी? इतिहासाच्या विद्यार्थ्याने इथे आपलीच शिस्त वापरावी. वा. सी. बेंद्रे यांचे ‘साधन-चिकित्सा’ १९२८मध्ये आले. साधनाची पारख झाल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, ही शिस्त गॅरेजातही तितकीच चालते. पहिले साधन स्पार्क प्लग. त्याचे टोक कॉफीसारखे तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. काळी ओलसर काजळी दिसली तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होते आहे. पांढरटपणा धोक्याचा: हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन तापते आहे, पिस्टन सीज होण्याची वेळ जवळ आली आहे.

पांढरा प्लग पाहताच मिस्त्री कार्बोरेटरला हात घालतो. माझे म्हणणे असे की आधी क्रँकचे ऑइल सील पाहावेत. टू-स्ट्रोकमध्ये ताजे मिश्रण क्रँककेसमधून जाते, त्यामुळे ती पेटी हवाबंद असावीच लागते. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे सील कडक होऊन चिरतात. मग एका बाजूने बाहेरची हवा घुसते, नाहीतर दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सचे ऑइल ओढले जाऊन गाडी ढगासारखा धूर सोडते. शेकडो रुपयांचे हे दुखणे न ओळखता हजारोंचे कार्बोरेटर बदलले जातात. सील झाल्यावर पॉइंटची फट आणि ठिणगीची वेळ त्या मॉडेलच्या पुस्तकातील आकड्यांवर, मोजून लावावी, आणि कार्बोरेटरकडे त्यानंतरच वळावे.

ऑइलबद्दलही एक गैरसमज रूढ आहे. जुन्या खनिज ऑइलच्या काळात जावासाठी पेट्रोल २५ भाग आणि ऑइल १ भाग, म्हणजे लिटरला ४० मिलिलिटर, हे प्रमाण प्रचलित होते. ‘जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित’ असे समजून लोक दुप्पट घालतात. परंतु जेटच्या छिद्रातून तेवढाच द्रव जातो. त्यात ऑइल वाढले की पेट्रोल घटते, म्हणजे मिश्रण उलट कोरडेच होते. आरएक्सला ऑइलचा स्वतंत्र पंप आहे, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या जावा-राजदूतवाल्यांनी घाट उतरताना एक पथ्य पाळावे. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडून गाडी गिअरमध्ये उतरत राहिली तर इंजिन वेगाने फिरते आणि पेट्रोल न आल्याने ऑइलही येत नाही. अधूनमधून क्लच दाबून ॲक्सिलरेटर किंचित द्यावा.

आपल्या जिल्ह्याला घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन स्वभाव आहेत, ते कार्बोरेटरलाही कळतात. तापलेली हवा विरळ असते, थंड हवा दाट. मे महिन्यात मलकापूर-खामगावच्या उन्हात जेट लहान करून घेतले, तर डिसेंबरच्या पहाटे तेच जेट अपुरे पडते. आता त्यात भर २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. इथेनॉलमध्ये प्राणवायू असल्याने मिश्रण आणखी कोरडे होते. शिवाय ते पाणी ओढते, जुने रबर खराब करते. मुख्य जेट किंचित मोठे करणे, इंधननळ्या बदलणे आणि टाकीत महिनोन्महिने पेट्रोल न ठेवणे, एवढे बदल मला मान्य आहेत. मूळ मापे ज्या इंधनासाठी ठरली होती ते इंधनच आज पंपावर मिळत नाही. ही तडजोड कारणासह आहे आणि केव्हाही परत फिरवता येते.

कोणी म्हणेल, काडेननेही इंजिनात फेरफारच केले, मग आम्ही केले तर काय बिघडले? आक्षेप रास्त आहे. शर्यतीसाठी, सुटे सिलिंडर घेऊन, मोजमाप नोंदवून कोणी प्रयोग करत असेल तर मी त्याला दाद देईन. काडेन प्रत्येक बदल मोजत होता. आपल्याकडे ग्राइंडर चालतो तो यूट्यूबवरची चित्रफीत पाहून, आणि ५० वर्षांचे सिलिंडर एकदाच घासता येते. सुटे भाग बनवणारा म्हैसूरचा तो कारखाना आता नाही.

शासनानेही मूळ रूपाचे मोल मान्य केले आहे. २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकींची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते, मात्र गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. १९७०च्या दशकातल्या येझदी आता एकेक करून या वयात येत आहेत.

तेव्हा गाडी मिस्त्रीकडे द्याल त्या दिवशी सोबत एक रिकामा डबा न्या. निघालेले मूळ जेट, पॉइंट, जाळी, जुना पिस्टन, काहीही भंगारात जाऊ देऊ नका. प्रत्येकाला चिठ्ठी बांधा: काय, कुठून निघाले, कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर.