चावी देणाऱ्याचाही हिशेब
१९ मे २०२४च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव पोर्शने दुचाकीला उडवलं आणि मूळचे मध्य प्रदेशातले दोन तरुण अभियंते जिवाला मुकले. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. त्याला काही तासांत जामीन मिळाला, अट म्हणून ३०० शब्दांचा निबंध. पुढे ससून रुग्णालयात त्याच्या रक्ताच्या जागी आईचं रक्त दिल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. गाडी हाती देणारे वडील, दारू पुढे ठेवणारे बारवाले यांच्यावरही गुन्हे दाखल झाले, हे योग्यच झालं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९अ अशा पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद सांगतं. पण आरोपींची यादी लांबली म्हणून कुणाचाच वाटा हलका होत नाही. अशा मृत्यूत भरपाईचा दावा लावणं हा घरच्यांचा हक्क आहे, त्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र विम्याच्या धनादेशाने गुन्हा फिटत नाही. ‘मी प्यायलो होतो, गाडी मीच चालवत होतो,’ हे पहिल्याच दिवशी पोलिसांपुढे कबूल करायला मुलाला लावणं हे आईबापाचं कर्तव्य आहे. त्याआधी ओळखीपाळखी शोधणारं घर पोराला वाचवत नाही, ते त्याला पुढच्या अपघाताला मोकळं सोडतं.