विश्लेषण : महागड्या ‘ऑडिओ स्विच’मुळे घरातले गाणे खरेच सुधारते का?

नांदेड, लातूरसारख्या शहरांत फायबर इंटरनेट घरोघरी पोहोचू लागले, तशी कॅसेट, सीडी आणि मेमरी कार्डाची जागा स्ट्रीमिंगने घेतली. चांगले ऐकण्याची हौस असलेल्या अनेकांनी स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि डिजिटल आवाजाचे विद्युत लहरींत रूपांतर करणारा डॅक अशी जुळवाजुळव केली आहे. या मंडळींपुढे आता ‘ऑडिओफाइल नेटवर्क स्विच’ आणि ‘ऑडिओ ग्रेड इथरनेट केबल’ या वस्तू ठेवल्या जात आहेत. बाजारात साधा पाच पोर्टचा स्विच हजार-दीड हजार रुपयांत मिळतो. ‘ऑडिओ’ असा शिक्का बसलेला स्विच मात्र पन्नास हजारांपासून काही लाखांपर्यंत जातो. तो लावला की बास घट्ट होतो, गायकाचा आवाज मोकळा होतो, असा दावा केला जातो. या दाव्यात तथ्य किती? आणि आवाज खरोखर खराब येत असेल, तर दोष शोधायचा कुठे?

स्विच नेमके काय करतो?

घरातल्या राउटरपासून टीव्ही, संगणक, म्युझिक स्ट्रीमर अशा उपकरणांपर्यंत माहिती वाटून देणारी पेटी म्हणजे स्विच. पोस्टातला कर्मचारी पाकिटावरचा पत्ता पाहून टपाल वेगळे करतो, तसे त्याचे काम. पाकिटात गाणे आहे, बँकेचे विवरण आहे की शाळेचा गृहपाठ, हे स्विचला कळत नाही आणि कळण्याची गरजही नसते.

स्ट्रीमिंगमध्ये गाणे सलग प्रवाहासारखे येत नाही. त्याचे लहान लहान तुकडे होतात. त्यांना पॅकेट म्हणतात. ३२० किलोबिट प्रतिसेकंद दर्जाचे चार मिनिटांचे गाणे साधारण ९.६ मेगाबाइटचे असते आणि त्याची सुमारे साडेसहा हजार पॅकेट होतात. प्रत्येक पॅकेटसोबत पडताळणीचा आकडा असतो. वाटेत एखादा बिट जरी बदलला तरी आकडा जुळत नाही, ते पॅकेट फेकून दिले जाते आणि पुन्हा मागवले जाते. सगळे तुकडे क्रमाने लावून झाल्यावरच गाणे वाजते. मूळ फाइलमध्ये जे होते तेच इथे पोहोचते. याच पद्धतीने यूपीआयचे व्यवहार होतात. खराब स्विचमुळे पाचशे रुपयांचे चारशे नव्वद होत नाहीत. फार तर व्यवहार अडकतो. गाण्याचेही तसेच आहे. ते अडकते, पण ‘थोडे पातळ’ होत नाही.

मुंबई-हैदराबादहून येणाऱ्या गाण्याचे काय?

मराठवाड्यातल्या घरात वाजणारे गाणे बहुधा मुंबई किंवा हैदराबादसारख्या शहरातील डेटा सेंटरमधून निघते. शेकडो किलोमीटर फायबर आणि वाटेतले कित्येक स्विच, राउटर ओलांडून ते नांदेड किंवा लातूरच्या घरात येते. ही सगळी साधनसामग्री सर्वसाधारण दूरसंचार दर्जाची असते. त्यातले एकही यंत्र संगीतासाठी बनवलेले नसते.

साध्या स्विचमुळे आवाज बिघडत असता, तर या प्रवासातच गाण्याची वाट लागली असती. मग शेवटच्या एका मीटरवर ठेवलेली महाग पेटी ते दुरुस्त करू शकली नसती, कारण हरवलेली माहिती तिला कुठून मिळणार? आणि वाटेत काहीच बिघडत नसेल, तर तिला दुरुस्त करायला काही उरत नाही.

‘जिटर’ कमी होतो, हा दावा काय आहे?

विक्रेत्यांच्या भाषेत वारंवार येणारा शब्द म्हणजे जिटर. गोंधळ असा की एकाच नावाने दोन वेगळ्या गोष्टी ओळखल्या जातात. पहिला जिटर नेटवर्कचा. काही पॅकेट लवकर येतात, काही उशिरा. दुसरा डॅकच्या घड्याळाचा. सीडी दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. ते ठरलेल्या क्षणी बाहेर पडले नाहीत, तर आवाजात सूक्ष्म विकृती येऊ शकते.

या दोन्हींमध्ये बफर उभा असतो. बफर म्हणजे घरावरच्या पाण्याच्या टाकीसारखा साठा. नळाला पाणी धार धरून आले काय किंवा थांबत थांबत आले काय, टाकी रिकामी होत नाही तोवर स्वयंपाकघरातल्या नळाची धार बदलत नाही. पॅकेट आधी बफरमध्ये जमा होतात आणि तिथून डॅक आपल्या घड्याळाप्रमाणे नमुने घेतो. त्यामुळे पॅकेटच्या उशिराचा डॅकच्या घड्याळाशी संबंध राहत नाही. स्विचमध्ये कितीही अचूक घड्याळ बसवले तरी गाणे त्या घड्याळावर वाजत नाही.

विद्युत गोंगाटाचा मुद्दा कितपत खरा?

विक्रेत्यांचा दुसरा युक्तिवाद जास्त विचार करण्याजोगा आहे. त्यांचे म्हणणे असे की बिट शाबूत असले, तरी तांब्याच्या तारेतून स्विचचा आणि त्याच्या अॅडॉप्टरचा विद्युत गोंगाट डॅकपर्यंत जातो. तत्त्वतः हे अशक्य नाही. पण इथरनेटच्या मानकातच यावर उपाय आहे. तारेच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि त्यामुळे दोन उपकरणांमध्ये थेट विद्युत जोडणी राहत नाही. हे विलगीकरण १५०० व्होल्टच्या चाचणीत टिकावे लागते. धातूचे आवरण असलेली केबल मात्र दोन उपकरणांचे अर्थिंग जोडू शकते. म्हणून घरगुती वापराला आवरण नसलेली साधी कॅट-५ई किंवा कॅट-६ केबलच उत्तम.

गोंगाट होत असेल तर तो डॅकच्या आउटपुटवर मोजता आला पाहिजे. अमेरिकेतील अपटोन ऑडिओ कंपनीचा ‘इथररिजेन’ हा या वर्गातला प्रसिद्ध स्विच. त्याची किंमत ६४० डॉलर होती. ‘ऑडिओ सायन्स रिव्ह्यू’ने तो लावून आणि काढून डॅकचा आउटपुट मोजला, तेव्हा फरक दिसला नाही. एवढे होऊनही शंका उरली, तर उपाय स्वस्त आहे. स्ट्रीमर वाय-फायवर चालवला की तारच राहत नाही.

कानांना फरक जाणवतो त्याचे काय?

फरक ऐकू आल्याचे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. नवी, महाग वस्तू लावल्यावर माणूस अधिक लक्ष देऊन ऐकतो आणि आधी निसटलेले बारकावे सापडतात. आवाजाची पातळी किंचित वाढली तरी तो ‘चांगला’ वाटतो. म्हणूनच कोणते उपकरण चालू आहे हे न सांगता घेतलेली चाचणी महत्त्वाची ठरते.

ई. ब्रॅड मेयर आणि डेव्हिड मोरन यांनी २००७ मध्ये अशीच चाचणी प्रसिद्ध केली. उच्च दर्जाचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडी दर्जावर उतरवलेले, यांतला फरक ओळखायचा होता. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली. म्हणजे नाणेफेकीइतकीच. जोशुआ रीस यांनी २०१६ मध्ये अशा १८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात अचूकता ५२.३ टक्के निघाली आणि प्रशिक्षित श्रोत्यांची त्याहून बरीच अधिक. या चाचण्या स्विचच्या नव्हत्या. तिथे तर मूळ माहितीच खरोखर बदललेली होती. तरीही फरक ओळखणे इतके कठीण गेले. जिथे एकही बिट बदलत नाही, तिथे ‘रात्र आणि दिवस’ इतका फरक पडण्याचा दावा म्हणूनच तपासून घ्यावा लागतो.

घरच्या घरी कसे तपासायचे?

पहिली चाचणी फुकट आहे. गाणे सुरू करून थोडा वेळ वाजू द्यावे आणि मग स्ट्रीमरची नेटवर्क केबल काढून घ्यावी. बफरमधल्या साठ्यावर गाणे काही सेकंद, काही उपकरणांत शेवटपर्यंत, वाजत राहते. या काळात स्विचशी कसलाही संबंध उरलेला नसतो. केबल काढल्यावर आवाज बदलला नाही, तर स्विच बदलूनही तो बदलणार नाही.

दुसऱ्या चाचणीत घरातल्या दुसऱ्या व्यक्तीने नाणे उडवून स्विच बदलायचा आणि ऐकणाऱ्याने न पाहता ओळखायचे. असे दहा वेळा करावे. निव्वळ अंदाजाने दहापैकी नऊ किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता सुमारे एक टक्का आहे. सहा-सात वेळा बरोबर येणे हे मात्र पुराव्यात धरता येत नाही.

मग आवाज बिघडतो कुठे?

नेटवर्कमुळे दोन गोष्टी खरोखर घडतात. गाणे थांबते किंवा अॅप आपणहून दर्जा खाली आणते. सीडी दर्जाच्या आवाजाला सेकंदाला १.४ मेगाबिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झ या सर्वोच्च दर्जालाही कॉम्प्रेस न करता ९.२ मेगाबिट पुरतात. ३० एमबीपीएसच्या प्लॅनमध्ये हे आरामात बसते. अडचण बहुधा घरातल्या वाय-फायची असते. जुन्या वाड्यांच्या आणि माळवदाच्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल नीट जात नाही. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच असल्याने शेजाऱ्यांची गर्दी होते. राउटर मधल्या खोलीत, उंचावर आणि हवेशीर जागी ठेवणे हा पहिला उपाय. वीज गेल्यावर राउटर बंद पडत असेल, तर दोन हजारांच्या आतबाहेर मिळणारा छोटा राउटर यूपीएस कोणत्याही ऑडिओ स्विचपेक्षा जास्त उपयोगी आहे.

त्यानंतर अॅपची सेटिंग तपासावी. दर्जा ‘ऑटो’वर असेल तर तो कमी-जास्त होत राहतो. अॅपल म्युझिकमध्ये २०२१ पासून लॉसलेस दर्जा मिळतो, पण तो सेटिंगमध्ये जाऊन चालू करावा लागतो. पुढे गाणे ब्लूटूथने स्पीकरला पाठवले तर ते पुन्हा कॉम्प्रेस होते आणि लॉसलेसचा लाभ जातो. मूळ स्रोताचीही मर्यादा असते. नांदेडच्या तख्त सचखंड श्री हुजूर साहिबमधले कीर्तन यूट्यूबवर थेट ऐकताना जो दर्जा तिथून निघतो, त्याहून चांगला दर्जा घरातली कोणतीही पेटी देऊ शकत नाही.

गुणगुण येत असेल तर?

स्पीकरमधून सतत ‘हम्म’ असा आवाज येत असेल, तर त्याचे कारण बहुतेकदा विजेच्या ५० हर्ट्झशी आणि अर्थिंगशी जोडलेले असते. इथे प्रश्न आवाजापुरता राहत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यातली माती ओली असेपर्यंत ते नीट काम करते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, काळ्या मातीला भेगा जातात आणि अर्थिंगचा विरोध वाढतो. २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकणे कुणाच्या लक्षातही येणार नाही. पण खराब अर्थिंग म्हणजे धातूच्या उपकरणाला हात लावताच धक्का बसण्याचा धोका.

गुणगुण थांबवण्यासाठी प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकणे हा जिवावर बेतणारा उपाय आहे. तो कधीही करू नये. आधी सगळी ऑडिओ उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत. केबल टीव्हीची तार काढून पाहावी. तरीही आवाज राहिला, तर परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्यावे आणि घरात आरसीसीबी आहे का ते पाहावे. महाग स्विच घेऊन बसलेल्या घरात हा दोष तसाच राहून जाऊ शकतो, हे त्या खरेदीचे खरे नुकसान.

खोलीचा वाटा किती?

सिमेंटचा स्लॅब, उघड्या भिंती आणि शहाबादी किंवा टाइल्सची फरशी असलेल्या खोलीत आवाज आदळून परत येतो आणि शब्द अस्पष्ट होतात. जाड सतरंजी, पडदे, गादी, पुस्तकांचे कपाट यांनी हा फरक लगेच ऐकू येतो. स्पीकर कोपऱ्यातून फूट-दीड फूट पुढे ओढले तरी फुगलेला बास आवरतो. याला एक रुपयाही लागत नाही.

फसवणूक झाल्यास कायदा काय सांगतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जाहिरातीतील वस्तुस्थितीदर्शक दावे सिद्ध करता आले पाहिजेत, असे जून २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. ‘आवाज मखमली होतो’ हे मत झाले. ते खोटे ठरवणे अवघड. ‘गोंगाट अमुक डेसिबलने घटतो’ हा दावा आहे आणि त्याचा पुरावा मागता येतो. वस्तू मुंबईहून किंवा ऑनलाइन घेतली असली, तरी ग्राहक आपण राहतो त्या जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करू शकतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तरी खरेदीआधी ‘न आवडल्यास परत’ ही अट बिलावर लिहून घेणे सर्वांत सोपे.

साध्या स्विचला पर्याय हवाच असेल तर तो बिघडल्यावर. तोवर आधी अर्थिंग, मग खोली आणि स्पीकर, मग वाय-फाय आणि अॅपची सेटिंग, या क्रमाने लावलेला पैसा कानांना ऐकू येतो.