पट कमी, म्हणून शाळा बंद?

लोणावळ्याचा पाऊस तुम्ही रीलमध्ये पाहिला असेल. भुशी धरणाच्या पायऱ्या, धुकं, भाजलेलं कणीस. तोच पाऊस झेलत आंदर मावळातल्या वाड्यांवरची पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात.

पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, असं शिक्षण हक्काचा नियम सांगतो. तरी २०२३ मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळां’चे प्रस्ताव मागवले. नमुना म्हणून दाखवलं आपल्याच जिल्ह्यातलं पानशेत. पोरांना बसने नेऊ, म्हणे. माझा साधा प्रश्न आहे : आषाढात ओढा भरून वाहतो, तेव्हा बस वाडीपर्यंत येणार कशी?

पट घसरला हे खरं. पण कुणामुळे? ज्यांना परवडलं त्यांनी मुलं कामशेत-वडगावच्या इंग्रजी शाळांत घातली. मागे उरली कातकरी, ठाकर, धनगरांची पोरं. शाळेला कुलूप लागलं तर फटका नेमका त्यांनाच.

लहान शाळेत एका मुलामागे खर्च जास्त येतो, हे मला मान्य आहे. पण शाळा बंद करून तो वाचत नाही, पोरांच्या पायांवर पडतो. आणि वाट लांबली की आधी मुलीचं दप्तर खुंटीला लागतं.

साहेब, पट मोजण्याआधी पुढच्या शाळेपर्यंतचं अंतर मोजा. जुलैत, चालत.