जुन्या निकेल नाण्यांचे खरे मोल

जिनसेची किंमत तिच्या वयावरून ठरत नाही, हे व्यापाऱ्यास कोणी शिकवावे लागत नाही. जुना तांदूळ नव्याहून महाग विकतो, तो केवळ जुना म्हणून नव्हे. शिजल्यावर त्याचा दाणा मोकळा राहतो व खाणाऱ्यास तो हवा असतो म्हणून. तोच तांदूळ आणखी काही वर्षे कोठारात पडून त्यास सोंडे लागले, तर त्यास कोणी विचारीत नाही. जी कसोटी आम्ही धान्यास नित्य लावतो, तीच जुन्या नाण्यांस लावण्याचे भान मात्र पुष्कळांस राहत नाही. अलीकडे मोबाईलवर ‘जुने नाणे द्या, लाखो रुपये घ्या’ अशा जाहिरातींचा सुळसुळाट झाला असून त्यांस भुलून भली माणसे नाडली जात आहेत. म्हणून या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमचे इब्रामपूर पेडणे तालुक्यात, महाराष्ट्राच्या सीमेस लागून आहे. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत ही सीमा दोन राज्यांची व दोन चलनांची होती. त्यामुळे या भागातील जुन्या घरांत एखादा पत्र्याचा डबा उघडला, तर दोन्हीकडची नाणी एकत्र निघतात. पोर्तुगीज बाजूची १९३४ सालची दोन व चार तांग्यांची, १९४७ व १९५२ ची पाव व अर्ध्या रुपियाची, १९५२ चा रुपिया, आणि पुढे सहा एस्कुदांचा एक रुपिया असा हिशेब ठरल्यावर १९५८-५९ साली पाडलेली साठ सेंताव, एक, तीन व सहा एस्कुदांची नाणी. ही सर्व तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूची आहेत. ब्रिटिश बाजूस १९०६ च्या कायद्यानंतर १९०७ पासून आलेली नागमोडी कडेची आणेली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाल्यावर निघालेली चौकोनी चवली, अष्टकोनी पावली व गोल अधेली. आणि १९४६-४७ ची शुद्ध निकेलची पावली, अधेली व १९४७ चा वाघाचे चित्र असलेला रुपया. ही नाणी पांढरी दिसतात म्हणून पुष्कळ जण त्यांस चांदीची समजतात. तशी ती नाहीत. धातू म्हणून विकावयास गेल्यास त्यांचे फारसे काही येणार नाही.

मग मोल कशाने ठरते? आमच्या मते चार गोष्टींनी.

पहिली गोष्ट आवक. टांकसाळीने किती नाणी पाडली, यापेक्षा त्यांतील किती आज शिल्लक आहेत, हे महत्त्वाचे. एस्कुदाची नाणी ‘गेलेल्या राज्याची’ म्हणून दुर्मीळ असावीत, असा सर्वत्र समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. ती मोठ्या संख्येने पाडली गेली व जेमतेम तीन वर्षे हातांतून फिरली. म्हणून ती पुष्कळ आणि चांगल्या स्थितीत उरली. याउलट १९१९-२० ची ब्रिटिश अधेली पाहा. तिची खोटी नाणी बाजारात येऊ लागल्यामुळे सरकारला ती लवकरच मागे घ्यावी लागली. साहजिकच तिचा शोध अधिक होतो. वयाचा भ्रम किती फोल आहे, याचे उत्तम उदाहरण चांदीच्या रुपयात सापडते. १९३९ सालचा सहाव्या जॉर्जचा रुपया हा १९१८ च्या पाचव्या जॉर्जच्या रुपयापेक्षा एकवीस वर्षांनी लहान. पण संग्राहकांच्या बाजारात तो त्याच्या कित्येक पटींनी महाग, कारण तो फारच थोडा उरला आहे.

दुसरी गोष्ट प्रत. एकाच सालच्या, एकाच टांकसाळीच्या दोन नाण्यांत मुद्रेची बारीक रेष न रेष शाबूत असलेले नाणे आणि झिजून गुळगुळीत झालेले नाणे यांच्या दरांत जमीनअस्मानाचे अंतर असते. येथे आपल्या गृहिणींस आमची कळकळीची विनंती आहे. नाणे चिंच, राख वा पॉलिश लावून घासू नये. देवघरातील तांब्यास जी चकाकी शोभते, ती नाण्यास मारक ठरते. वर्षानुवर्षांच्या हवेने चढलेली छटा व टांकसाळीतील मूळ झळाळी एकदा घासली गेली की परत येत नाही, आणि जाणता ग्राहक ती उणीव तत्काळ ओळखतो.

तिसरी गोष्ट अस्सलपणा. अमेरिकेत १९१३ सालची स्वातंत्र्यदेवतेच्या मुखाची पाच सेंटांची निकेल नाणी केवळ पाच ज्ञात आहेत. त्यांतील एक जॉर्ज वॉल्टन नावाच्या संग्राहकाकडे होते. १९६२ साली तो मोटार अपघातात वारला, तेव्हा साल बदललेले खोटे नाणे म्हणून ते त्याच्या नातलगांस परत देण्यात आले व पुढे चार दशके बहिणीच्या घरी कपाटात पडून राहिले. २००३ साली इतर चार नाण्यांशी ताडून तज्ज्ञांनी ते अस्सल ठरविले आणि २०१३ साली त्यास लिलावात ३१ लाख डॉलरांहून अधिक आले. नाणे तेच, कपाट तेच; पालटला तो फक्त जाणकारांचा निर्वाळा. घरच्या घरी करण्याजोगी एक परीक्षा सांगतो. शुद्ध निकेलचे नाणे लोहचुंबकास चिकटते, तांबे-निकेलचे चिकटत नाही. म्हणजे १९४७ चा निकेलचा रुपया चिकटत नसेल, किंवा एस्कुदाचे नाणे चिकटत असेल, तर शंका घ्यावी. मात्र या परीक्षेने खोटे पकडता येते, खरे सिद्ध होत नाही.

चौथी गोष्ट मागणी. दुर्मीळ असूनही कोणास नको असलेले नाणे मातीमोल असते. संग्राहक सालावार संच जुळवीत असतो आणि ज्या सालाची जागा रिकामी, त्यासाठी तो पैसे मोजतो. शिवाय सूचीग्रंथात छापलेली किंमत ही किरकोळ विक्रीची असते; विकणाऱ्याच्या हाती त्याहून कमीच पडते. घाऊक व किरकोळ यांतील अंतर आपणांस समजावून सांगण्याची गरज नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आमच्या परिसरातील एका कष्टाळू गृहस्थास दूरध्वनीवरून कोणी सांगितले की, तुमच्या नाण्यास मोठी रक्कम मंजूर झाली आहे. प्रथम नोंदणीचे पैसे भरा. ते भरताच कराचे मागितले, मग दलालीचे. नाणे घरीच राहिले आणि गाठची पुंजी गेली. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला आहे की, बँक अशा व्यवहारांत पडत नाही, त्यांसाठी शुल्क वा दलाली मागत नाही, आणि आपल्या नावाने ती घेण्याचा अधिकार तिने कोणासही दिलेला नाही. आपण व्यापाऱ्यांनी तर हे आधीच ओळखावयास हवे. माल विकणाऱ्याने खरेदीदारास आगाऊ पैसे द्यावेत, असा व्यवहार कोणत्या बाजारपेठेत चालतो? परदेशी गिऱ्हाईक मिळाले म्हणून हुरळून जाणाऱ्यांनी हेही ध्यानी ठेवावे की, शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते व सामान्य माणसास ते परदेशी पाठविता येत नाही.

खेड्यातील माणूस असा डबा घेऊन प्रथम आपल्याच दुकानाच्या पायरीवर येतो, कारण त्याचा आपल्या तराजूवर विश्वास असतो. अशा वेळी त्यास खोटी आशा लावू नये, आणि त्याच्या अज्ञानाचा लाभ घेऊन नाणे स्वस्तात पदरातही पाडून घेऊ नये. ‘घासू नका, आगाऊ पैसे देऊ नका, दोन-तीन जाणकारांस दाखवा आणि मगच द्या,’ एवढे सांगितले तरी पुरे. बहुतेक डब्यांत लाख रुपये नसतात; आजोबांच्या कमाईची खूण असते. तीवर कोणाकडून, केव्हा आली याची चिठ्ठी लिहून ती घरीच जपून ठेवावी, हाच आमच्या मते बहुतांशी शहाणपणाचा सौदा होय.