जिल्ह्याचे नाव बदलले, मग ऑनलाइन अर्जात जुनेच का दिसते?

औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाले, उस्मानाबादचे धाराशिव आणि अहमदनगरचे अहिल्यानगर. तरीही एखादा ऑनलाइन अर्ज उघडला की जिल्ह्यांच्या यादीत जुनेच नाव दिसते. कधी नवे नाव निवडले तरी 'योग्य पर्याय निवडा' असा संदेश येतो. मुदतीचा शेवटचा दिवस असेल, तर अर्जदाराचा जीव टांगणीला लागतो. हे नेमके कशामुळे होते?

नावे कधी बदलली?
औरंगाबाद आणि उस्मानाबाद शहरांच्या नामांतराला केंद्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये मंजुरी दिली. जिल्हा आणि तालुक्यांच्या नावांची राज्याची अधिसूचना सप्टेंबर २०२३ मध्ये निघाली. अहमदनगरच्या नामांतराला राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मान्यता दिली. म्हणजे शहराचे आणि जिल्ह्याचे नाव एकाच दिवशी बदलले, असेही नाही.

यादी जुनी का राहते?
अर्जातील ड्रॉपडाउन यादी सहसा डेटाबेसमधून येते. डेटाबेसमध्ये नाव बदलले तरी ते तीन ठिकाणी अडकू शकते.

• सर्व्हर: प्रोग्रॅम सुरू होताना यादी एकदाच वाचून मेमरीत ठेवली, तर पुढचा बदल त्याला कळतच नाही. सर्व्हर रीस्टार्ट केल्यावरच नवे नाव दिसते.
• कॅशे: पान लवकर उघडावे म्हणून सर्व्हर किंवा ब्राउझर यादीची प्रत साठवून ठेवतो. प्रतीची मुदत संपेपर्यंत जुनेच नाव दिसते.
• ॲप: यादी थेट कोडमध्ये लिहिली असेल, तर ॲप अपडेट होईपर्यंत फरक पडत नाही.

बिघाड शोधायचा कसा?
इन्कॉग्निटो मोडमध्ये नवे नाव दिसले, तर अडचण ब्राउझरच्या कॅशेत. तिथेही जुनेच असेल आणि सर्व्हर रीस्टार्ट केल्यावर बदलले, तर प्रोग्रॅम यादी एकदाच वाचतो आहे, असा संशय घ्यावा. यादीत नवे नाव दिसते, पण अर्ज स्वीकारला जात नाही, तेव्हा दाखवण्याची आणि तपासण्याची यादी वेगळी असण्याची शक्यता असते.

रीस्टार्ट ही मलमपट्टी झाली. फॉर्म उघडताना दर वेळी यादी नव्याने वाचणे, हा खरा उपाय. पायथनच्या 'जँगो' फ्रेमवर्कमध्ये फॉर्मला तयार यादीऐवजी यादी आणणारे फंक्शन देता येते. ही सोय २०१५ च्या १.८ आवृत्तीपासून आहे.

नाव की क्रमांक?
केंद्रीय पंचायत राज मंत्रालयाच्या 'लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी'त प्रत्येक जिल्ह्याला स्वतंत्र कोड आहे. अर्जात नावाऐवजी हा कोड साठवला, तर नाव बदलले तरी जुन्या नोंदी तुटत नाहीत. नाव हीच ओळख मानणाऱ्या प्रणालीत मात्र 'उस्मानाबाद' आणि 'धाराशिव' हे दोन वेगळे जिल्हे ठरतात. मग कागदपत्रे जुळत नाहीत आणि काहीही चूक नसताना अर्जदार अडकतो.

अर्जदाराने काय करावे?
• इंग्रजी यादीत दोन्ही नावे शोधा. औरंगाबाद 'ए'खाली असते, छत्रपती संभाजीनगर 'सी'खाली.
• आधी राज्य निवडा. बिहारमध्येही औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे.
• ब्राउझरचा कॅशे साफ करा किंवा ॲप अपडेट करून पाहा.
• जुनेच नाव असेल तर स्क्रीनशॉट ठेवा आणि कोणते नाव निवडायचे, हे हेल्पलाइनला विचारा. 'पुढे जाऊ दे' म्हणून शेजारचा जिल्हा निवडू नका.

राजपत्रात नाव एकदाच बदलते, संगणकात मात्र त्याच्या जितक्या प्रती, तितक्या ठिकाणी बदलावे लागते. एखादी प्रत राहून गेली की त्याचा भुर्दंड रांगेतल्या अर्जदाराला बसतो.