‘मराठी छान बोलता हो!’

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेर पडलं की भिंती दिसतात. त्यांवर क्लासेस, झटपट कर्ज, कुणाला तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा. इथे राहणाऱ्या माणसांबद्दल एक ओळ नाही. लोकल पकडण्याच्या घाईत मीही वर्षानुवर्षं त्या तशाच बघत आलो.

अमेरिकेत सॅन डिएगो शहरात बॅरिओ लोगन नावाची मेक्सिकन-अमेरिकन वस्ती आहे. आधी महामार्गाने आणि मग कोरोनाडो पुलाने ती मधोमध चिरली. पुलाखाली बाग देऊ म्हणाले होते. प्रत्यक्षात हायवे पोलिसांच्या ठाण्याचं काम सुरू झालं. २२ एप्रिल १९७० रोजी विद्यार्थी, बायाबापड्या, कामगार तिथे जाऊन बसले आणि बुलडोझर थांबला. जागा मिळाली. १९७३ पासून त्यांनी पुलाचे खांब रंगवायला घेतले. शेतमजुरांचा लढा, पूर्वजांची संस्कृती, आपल्याच माणसांचे चेहरे, सगळं त्याच सिमेंटवर आलं. तो चिकानो पार्क २०१६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला.

आपल्याकडे हेच काम डफाने केलं. बार्शीत १९१६ साली जन्मलेले महबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. थिएटर नाही, तिकीट नाही. गिरणगावच्या चाळी आणि मैदानं हाच रंगमंच. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ लोकांपर्यंत पोचली ती शेखांच्या आवाजात. १ मे १९६० ला मिळालेल्या या राज्यात एका मुसलमान शाहिराचा घसा खर्ची पडला आहे. ऑफिसात कुणी कौतुकाने ‘तुम्ही मराठी छान बोलता हो’ म्हणतं, तेव्हा मला बार्शी आठवते. उत्तर मात्र अजून तोंडून निघालेलं नाही.

म्हणून सुचवतो: आपल्या भागातली एक भिंत अमर शेखांची असू द्या. घरातली मोठी माणसं चित्रातल्या चेहऱ्याला हरकत घेतील. त्या हरकतीची टिंगल करू नका. डफ काढा, गिरणीची चिमणी काढा, मराठी आणि उर्दू अक्षरं शेजारी शेजारी काढा. चेहऱ्याविना शाहीर ओळखू येतो. पण नुसता अभिमान रंगवलात तर ते सुशोभीकरण होईल. मोर आणि फुलं आधीच पुष्कळ झाली आहेत. वस्तीला पाणी किती वाजता येतं, गटार कुठे तुंबतं, तेही त्याच भिंतीवर आलं पाहिजे. अण्णा भाऊंना मानणारी शेजारची मुलं, कॅम्पातली सिंधी मुलं सोबत घ्या. त्यांच्या आजोबांनी फाळणीनंतर इथल्या बराकींत संसार मांडले, तेही भिंतीवर यायला हवं.

आणि रात्री गुपचूप रंगवू नका. मालमत्ता विद्रूपीकरणाचा १९९५ चा कायदा आहे, आणि आपल्या पोरांवर गुन्हा पटकन दाखल होतो. भिंत खासगी असेल तर मालकाची लेखी संमती घ्या, सरकारी असेल तर त्या कार्यालयाची, आणि पालिकेत अर्ज द्या. अर्ज मराठीत लिहा, पोच घ्या. नकार आला तर तोही लेखी मागा.